दाताच्या रंगाचं सिमेंट कडेनं झिरपतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतले पेशंट फिलिंगबद्दल जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘डॉक्टर, सिमेंट कोणत्या कंपनीचं?’ माझ्या मते त्याआधी विचारायच्या दोन गोष्टी आहेत. सिमेंटची कड दातावर कुठे येणार आहे, आणि भरताना ती जागा कोरडी राहणार आहे का? खालची बरीचशी उत्तरं फिरून याच दोन गोष्टींपाशी येतात.

सिमेंट ‘झिरपतं’ म्हणजे नेमकं काय होतं?

आपल्याकडे धाब्याच्या घरावर पावसाळ्याआधी खारी माती टाकताना जाणती माणसं भिंतीलगतच्या कडेवर जास्त लक्ष ठेवतात, कारण पाणी तिथूनच उतरतं. फिलिंगमध्येही गळती मधून होत नाही, ती दात आणि सिमेंट यांच्या सांध्यातून होते. त्या सांध्यात काही मायक्रॉनची फट राहिली तरी लाळ, साखर आणि जंतू आत जाऊ शकतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि तोंडातले कितीतरी जंतू साधारण तेवढ्याच आकाराचे असतात. डोळ्यांना काहीच दिसत नाही, जिभेला काही लागत नाही, तरी रस्ता मोकळा असतो.

दाताच्या वरच्या कडक थराला इनॅमल म्हणतात आणि त्याखालच्या पिवळसर थराला डेंटिन. डेंटिन भरीव नसतं. त्यात नसेकडे जाणाऱ्या हजारो बारीक नळ्या असतात आणि त्या नळ्यांत द्रव असतो. कडेच्या फटीतून गार पाणी किंवा गोड पदार्थ तिथवर पोचला की तो द्रव हलतो आणि कळ येते. पुढे जंतूंनी तिथे मुक्काम केला तर सिमेंटच्या खालून पुन्हा कीड लागते. ‘भरेल दाढ परत दुखस’ असं सांगत जे पेशंट येतात, त्यांच्यातल्या अनेकांच्या दुखण्याचं मूळ या सांध्यात सापडतं. सगळ्यांचं मात्र नाही, ते पुढे येईलच.

मग अजिबात न झिरपणारं सिमेंट मिळतच नाही का?

नाही मिळत. आज उपलब्ध असलेलं कोणतंही सिमेंट दाताशी कायमचं आणि शंभर टक्के एकजीव होत नाही. कडेला फट नसली, तरी दात आणि चिकटद्रव्य यांच्या मधल्या थरात मायक्रॉनहूनही कितीतरी बारीक पोकळ्या राहतात. चांदीच्या क्षाराचं द्रावण वापरून प्रयोगशाळेत त्या दाखवता येतात. एवढ्या पोकळीतून जंतू जात नाहीत, पाणी मात्र जातं, आणि तेच पाणी वर्षानुवर्षं त्या थराला आतून कमजोर करत राहतं.

याचा अर्थ फिलिंग करून उपयोग नाही असा कुणी काढू नये. बारीकशी झिरप असलेली कितीतरी फिलिंग दहा-बारा वर्षं विनातक्रार चालतात. झिरपीतून आत जाणाऱ्या जंतूंना रोज साखर मिळते की नाही, यावर पुढचं पुष्कळ ठरतं. दिवसातून सहा वेळा गोड चहा घेणाऱ्याची बारीक फट आणि दोन वेळा नीट ब्रश करणाऱ्याची तेवढीच फट यांचा शेवट सारखा होत नाही.

पांढरं सिमेंट म्हणजे सगळं एकच ना?

दिसायला सारखं, पण जाती वेगळ्या. कॉम्पोझिट म्हणजे राळेसारख्या रेझिनमध्ये काचेचे किंवा सिलिकाचे अतिबारीक कण मिसळलेलं द्रव्य. ते निळ्या प्रकाशानं कडक होतं. ग्लास आयोनोमर म्हणजे काचेची भुकटी आणि आम्लाचं द्रावण मिसळून केलेलं सिमेंट. इंग्लंडमध्ये विल्सन आणि केंट यांनी ते १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पुढे आणलं. दोन्हींचे गुण थोडे थोडे असलेली मिश्र जातही आहे.

ग्लास आयोनोमर दातातल्या कॅल्शियमशी थेट रासायनिक बंध करतं, थोड्या ओलाव्याला फारसं घाबरत नाही, फ्लोराइड सोडतं, आणि गरम-गार झाल्यावर जवळपास दाताइतकंच फुगतं-आकसतं. कडेच्या दृष्टीनं हे मोठे गुण आहेत. पण चावण्याच्या जोरापुढे ते झिजतं आणि तुटतं. कॉम्पोझिट ताकदवान आणि देखणं आहे, पण भरताना जागा पूर्ण कोरडी हवी आणि हात शिस्तीचा हवा. तुमच्या दाढेत यांपैकी काय भरलं, ते डॉक्टरांना विचारून फाईलवर लिहून घ्या. पुढच्या वेळी दुसऱ्या गावात दाखवायची वेळ आली तर त्या एका शब्दाचा फार उपयोग होतो.

कॉम्पोझिट दाताला चिकटतं तरी कसं?

ते स्वतःहून चिकटत नाही, दात त्यासाठी तयार करावा लागतो. अमेरिकेत मायकेल ब्युनोकोर यांनी १९५५ साली दाखवलं की इनॅमलवर थोडा वेळ फॉस्फोरिक आम्ल लावून धुतलं तर पृष्ठभाग खरखरीत होतो आणि त्यावर रेझिन घट्ट बसतं. धातूवर रंग पक्का बसावा म्हणून कारखान्यांत आम्ल वापरत, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली होती. त्यांनी ८५ टक्क्यांचं आम्ल वापरलं होतं, आज ३५ ते ३७ टक्क्यांचा जेल १५ ते ३० सेकंद लावतात. आम्लानं इनॅमलमध्ये सूक्ष्म खळगे पडतात, पातळ चिकटद्रव्य त्यांत उतरतं आणि तिथेच कडक होतं. इनॅमलवरचा हा बंध इतका भरवशाचा आहे की जिथे चारी बाजूंनी कड इनॅमलवर आहे, तिथे मी पेशंटला निर्धास्त राहायला सांगतो.

डेंटिनचं काम अवघड. इनॅमल जवळजवळ सगळं खनिज, तर डेंटिनमध्ये कोलॅजनचे तंतू आणि पाणी पुष्कळ. आम्लानं खनिज निघून गेलं की तंतू उघडे पडतात. ते जास्त सुकवले तर आडवे होऊन चिकटून बसतात आणि रेझिन आत जात नाही. जास्त ओले ठेवले तर पाणीच रेझिनला अडवतं. म्हणजे डेंटिन ओलसर हवं, ओलं नको. हा अंदाज हाताला यायला वेळ लागतो. डेंटिनवर आम्ल वापरण्याचा आग्रह जपानच्या फुसायामा यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी धरला, आणि रेझिन व कोलॅजन एकमेकांत विणून एक मिश्र थर तयार होतो हे नाकाबायाशी यांनी १९८२ साली दाखवलं. आजचा सगळा डोलारा त्याच थरावर उभा आहे.

त्या थराचा एक शत्रू आपल्या दातातच असतो. डेंटिनमध्ये कोलॅजन कुरतडणारी काही विकरं निपचित पडलेली असतात. आम्ल लागलं की ती जागी होतात, आणि जिथे रेझिन पूर्ण पोचलेलं नाही तिथले तंतू हळूहळू खातात. काही डॉक्टर चिकटद्रव्य लावण्याआधी क्लोरहेक्सिडीनचं द्रावण फिरवतात, ते या विकरांना आवर घालण्यासाठी. अलीकडची चिकटद्रव्यं सौम्य आम्लाची असतात. त्यांतला एक घटक डेंटिनच्या कॅल्शियमशी रासायनिक बंध करतो, त्यामुळे डेंटिनवर वेगळं कडक आम्ल लावावं लागत नाही. मात्र त्या सौम्य आम्लानं इनॅमल पुरेसं खरखरीत होत नाही. म्हणून फक्त इनॅमलच्या कडेला आधी नेहमीचा जेल लावून घेणं मला योग्य वाटतं.

एवढं चिकटतं, मग कड का सुटते?

कारण कॉम्पोझिट कडक होताना आकसतं. आकारमानात साधारण दोन ते तीन टक्के, काही प्रकारांत त्याहून थोडं जास्त. आकडा लहान वाटतो, पण दाढेतला खड्डा पाच बाजूंनी बंद असतो आणि एकच बाजू मोकळी असते. चारी भिंती आणि तळ यांना चिकटलेलं द्रव्य आकसायला लागलं की ते प्रत्येक भिंतीला आत ओढतं. जिथला बंध कच्चा, तिथे तो सुटतो. बंध सगळीकडे पक्का असेल तर कधी दाढेचे उंचवटेच किंचित आत वाकतात आणि चावताना टोचल्यासारखं दुखतं, किंवा कडेच्या इनॅमलला केसाएवढी चीर जाऊन पांढरी रेघ दिसते.

यावर उपाय म्हणजे थोडं थोडं भरणं. दोन मिलिमीटरहून जाड थर एका वेळी टाकायचा नाही, थर तिरके टाकायचे, समोरासमोरच्या दोन भिंती एकाच थरानं जोडायच्या नाहीत, आणि प्रत्येक थर वेगळा कडक करायचा. चार मिलिमीटरपर्यंत एकदम भरता येणारी नवी कॉम्पोझिटंही आहेत. ती वाईट नाहीत, पण कड नीट तयार करण्याचं काम ती डॉक्टरांऐवजी करत नाहीत.

प्रकाशाचंही तसंच. बहुतेक कॉम्पोझिट ४७० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशानं कडक होतं. दोन दाढांच्या मधल्या खोल खड्ड्यात दिव्याचं टोक आणि तळ यांत पाच-सहा मिलिमीटरचं अंतर सहज राहतं, आणि नेमकी तळाचीच कड सगळ्यांत नाजूक असते. तिथे प्रकाश कमी पोचला तर वरून दगडासारखं आणि खालून अर्धकच्चं असं फिलिंग तयार होतं. अर्धकच्चं रेझिन लाळेत लवकर खराब होतं. दिव्याची शक्ती मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते प्रत्येक दवाखान्यात असावं असं मला मनापासून वाटतं. वीज गेल्यावर दिवा अर्ध्या चार्जवर चालवण्यापेक्षा पेशंटला थांबवलेलं बरं.

आकसल्यानंतर पुढच्या काही आठवड्यांत कॉम्पोझिट लाळेतलं थोडं पाणी पिऊन किंचित फुगतं आणि आकसण्याची काही अंशी भरपाई होते. त्यावर विसंबून काम ढिलं करावं एवढी ती भरपाई नसते.

हिरडीजवळ भरलेलं सिमेंटच का लवकर बिघडतं?

या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांत महत्त्वाचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

दाढेच्या वरच्या बाजूला इनॅमल जाड असतं. हिरडीकडे येता येता ते पातळ होत जातं आणि मुळाच्या सुरुवातीला संपतं. दोन दाढांच्या मधली कीड बहुतेक वेळा हिरडीच्या दिशेनं खाली उतरलेली असते. अशी कीड काढल्यावर फिलिंगची वरची कड इनॅमलवर येते आणि खालची कड मुळावर, म्हणजे डेंटिन आणि त्यावरच्या पातळ सिमेंटम थरावर. एकाच फिलिंगला दोन वेगवेगळ्या दर्जाच्या कडा असतात आणि झिरप जवळजवळ नेहमी खालच्या कडेनं सुरू होते.

त्यात तिथे कोरडं ठेवणं अवघड. किडीमुळे हिरडी सुजलेली असते, हात लागला की रक्त येतं, हिरडीच्या खाचेतून सतत द्रव पाझरतो. आम्ल लावून धुतलेल्या जागेला लाळेचा किंवा रक्ताचा नुसता स्पर्श झाला तरी ती पुन्हा तयार करावी लागते. घाईत तसंच पुढे भरलं तर त्या दिवशी काहीच कळत नाही. दोन वर्षांनी कळतं, आणि तोवर कीड नसेजवळ पोचलेली असते.

म्हणून अशा जागी रबर डॅम लावण्याला पर्याय नाही, असं माझं ठाम मत आहे. रबर डॅम म्हणजे दातावर ताणून बसवायचं पातळ रबरी कापड. दात बाहेर, बाकी सगळं तोंड कापडाच्या मागे. सुरुवातीला काहींना गुदमरल्यासारखं वाटतं, पण नाकानं श्वास चालू असतो आणि थोड्या वेळात सवय होते. त्यासोबत दाताभोवती धातूची पट्टी आणि खालच्या कडेशी लाकडी किंवा प्लास्टिकची पाचर घट्ट बसवावी लागते. नाहीतर तिथे सिमेंटची पायरी राहते, तिच्यात अन्न अडकतं, आणि अन्न अडकणाऱ्या जागी कड फार दिवस तग धरत नाही.

कड अगदी मुळावर आली असेल तर तळाला ग्लास आयोनोमर किंवा त्याची मिश्र जात आणि वर कॉम्पोझिट अशी दोन थरांची पद्धत वापरता येते. त्याहून खाली, हिरडीच्या आत गेली असेल तर आधी हिरडीवर लहानशी शस्त्रक्रिया करून कड उघडी करावी लागते. आणि काही दाढा अशा असतात की तिथे फिलिंगचा आग्रह न धरता दुसऱ्या उपायाचं बोलणंच प्रामाणिक ठरतं.

बाई मिश्री लावतात, त्यांचं हिरडीजवळचं सिमेंट सारखं पडतं. काय करावं?

मिश्री बोटानं रोज घासून हिरडी खाली सरकते, मूळ उघडं पडतं आणि दाताच्या मानेशी खाच तयार होते. तिथे इनॅमल नसतं. शिवाय वर्षानुवर्षं उघडं राहिलेलं डेंटिन कडक आणि चकचकीत झालेलं असतं, त्याच्या नळ्या खनिजानं बुजलेल्या असतात आणि रेझिनला शिरायला जागा मिळत नाही. असा चकचकीत थर हलकासा खरवडून घ्यावा लागतो. तरीही या जागी ग्लास आयोनोमरची जात अनेकदा जास्त टिकते, असा अनुभव आहे.

आईला किंवा सासूबाईंना दवाखान्यात आणाल, तर मिश्री सोडायची गोष्ट त्यांच्याशी आदरानं बोला. बहुतेक जणी ती दातदुखी थांबावी म्हणूनच सुरू करतात. दुखण्याचा इलाज झाला की सोडायला तयार होतात. मिश्री तंबाखूच आहे आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका तिच्यातही आहे, हे फिलिंगपेक्षा कितीतरी मोठं कारण आहे.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा सिमेंटवर परिणाम होतो का?

दोन प्रकारे होतो.

पहिला तोंडात. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि आपण कढत चहावर फ्रीजचं पाणी पितो, बर्फाचा गोळा खातो. गरम-गार झाल्यावर कॉम्पोझिट दाताच्या साधारण दोन ते चार पट फुगतं-आकसतं. प्रत्येक वेळी कडेवर बारीक ताण येतो. प्रयोगशाळेत हेच तपासायला फिलिंग केलेले दात पाच अंशांच्या आणि पंचावन्न अंशांच्या पाण्यात शेकडो-हजारो वेळा आलटून पालटून बुडवतात. चांगली कड हा ताण सोसते, आधीच कमकुवत असलेली कड त्यानं लवकर सुटते. माठाचं पाणी प्या, दातालाही ते बरं.

दुसरा परिणाम दवाखान्यात होतो, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. अनेक चिकटद्रव्यांत अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोन असतं. बाटलीचं झाकण उघडं राहिलं तर आपल्याकडच्या कोरड्या उष्ण हवेत ते भराभर उडून जातं, द्रव दाट होतो आणि डेंटिनमध्ये नीट उतरत नाही. साठवणुकीसाठी बहुतेक कंपन्या २५ अंशांच्या आतलं तापमान सांगतात. एप्रिल-मेमध्ये कुरिअरच्या गाडीत दिवसभर तापलेला माल, किंवा रात्री पंखा बंद झालेल्या खोलीतल्या कपाटात ठेवलेली बाटली, यांच्याकडून पूर्ण ताकदीची अपेक्षा ठेवता येत नाही. खान्देशात फ्रीज हे दातांच्या दवाखान्यातलं आवश्यक उपकरण आहे. भरण्याआधी मात्र माल फ्रीजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा लागतो.

जुनी चांदी जास्त घट्ट बसायची असं वडील म्हणतात. खरं का?

त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. चांदीचं मिश्रण, म्हणजे अमाल्गम, दाताला चिकटतच नाही. ते फक्त खड्ड्यात अडकून बसतं, आणि सुरुवातीला त्याची कड चांगलीच झिरपते. पण पुढच्या महिन्यांत धातू गंजतो आणि तो गंजच फट बुजवतो. म्हणजे चांदीची कड काळानुसार सुधारते आणि कॉम्पोझिटची काळानुसार थकते. थोड्या ओलाव्यातही चांदी भरता येते, हाही तिचा मोठा गुण होता.

तरी तिचे दिवस संपत आले आहेत. तिच्यात साधारण निम्मा पारा असतो. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीचा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला आणि २०१७ मध्ये लागू झाला. भारतही त्यात आहे. युरोपीय संघानं १ जानेवारी २०२५ पासून अमाल्गम जवळपास बंद केलं. तोंडात आधीपासून असलेली चांदी शाबूत असेल तर मात्र ती उगाच काढू नका. काढताना पाऱ्याची वाफ निघते आणि चांगला दातही थोडा जास्त कापला जातो.

सिमेंट भरल्यावर दात शिवशिवतो. म्हणजे झिरपतंय का?

लगेचच्या चार-आठ दिवसांत गार लागणं, क्षणभर शिवशिवून थांबणं हे बऱ्याचदा नसेला झालेल्या त्रासामुळे असतं. ते दोन-तीन आठवड्यांत कमी होत जातं. दात टेकवल्यावरच दुखत असेल तर सिमेंट उंच राहिलं असेल, ते पाच मिनिटांत घासून मिळतं. चावून दात सोडताना कळ येत असेल तर आतला थर सुटला असेल किंवा दाताला चीर असेल, ते दाखवायला हवं.

गरम लागल्यावर कळ येऊन ती कितीतरी वेळ टिकते, रात्री झोपेतून ठणका उठवतो, सूज येते, तर थांबू नका. तेव्हा प्रश्न कडेचा उरलेला नसतो, नस दुखावलेली असते. मेडिकलवरून गोळ्या आणून दिवस काढल्यानं ती बरी होत नाही.

कडेला तपकिरी रेघ दिसते. आत कीड लागली का?

रेघ म्हणजे कीड असं नाही. चहा, तंबाखू, सुपारी यांचा रंग कडेच्या बारीकशा खाचेत बसतो आणि खालचा दात मात्र शाबूत असू शकतो. कडेशी दात मऊ लागतो आहे का, खड्डा आहे का, आतून काळसर सावली दिसते आहे का, हे पाहून ठरवावं लागतं. नुसत्या रेघेसाठी सगळं फिलिंग काढू नये. दर वेळी काढताना चांगल्या दाताचाही थर जातो आणि खड्डा मोठा होत जातो. पुष्कळदा कड पॉलिश करून किंवा तेवढाच भाग खोदून पुन्हा भरून काम होतं. अशी दुरुस्ती हा हलका इलाज आहे असं समजू नका, दातासाठी ती अनेकदा जास्त चांगली असते.

गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी दातांवर तो रोज दिसतो. सुपारीनं दाढांची झीज होते आणि फिलिंगच्या कडा उघड्या पडून तुटतात.

जाहिरातीत ‘शून्य गळती’ लिहिलेलं असतं. विश्वास ठेवावा का?

असे दावे बहुतेक वेळा काढलेल्या दातांवरच्या प्रयोगांतून येतात. दातात सिमेंट भरतात, बाकीच्या दातावर नेलपॉलिशचा थर देतात, निळ्या किंवा लाल रंगात बुडवतात, मग दात उभा कापून रंग कडेनं किती आत गेला ते पाहून गुण देतात. पद्धत सोपी आणि स्वस्त आहे, डेंटल कॉलेजच्या प्रबंधांत ती सर्रास सापडते. दोन पद्धतींची ढोबळ तुलना करायला ती उपयोगी आहे. पण रंगाचे कण जंतूंपेक्षा फार लहान असतात, एका कापात सगळी कड दिसत नाही, आणि प्रयोगशाळेत दात सुका, उजेडात, हातात धरलेला असतो. माणसाच्या तोंडात तीच फिलिंग किती वर्षं टिकली, याच्याशी या गुणांचा मेळ फारसा बसत नाही. म्हणून मी रंगाच्या प्रयोगापेक्षा पेशंटवरच्या अनेक वर्षांच्या नोंदींना जास्त वजन देतो.

तात्पुरतं सिमेंट भरलं आहे, कापूस वेचणी झाल्यावर आलं तर चालेल का?

नाही चालणार. हे अगदी कळकळीनं सांगतो, कारण कापसाच्या, केळीच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत हे सारखं घडतं. रूट कॅनलच्या मधे भरलेलं कच्चं सिमेंट दोन-तीन आठवड्यांसाठीच असतं. तेही साडेतीन-चार मिलिमीटर जाड असेल तर. त्यानंतर ते झिजतं, कडेनं झिरपायला लागतं आणि साफ केलेल्या नळ्यांत लाळ पुन्हा उतरते. दुखत नसतं, कारण नस काढलेली असते, त्यामुळे पेशंटला वाटतं सगळं ठीक आहे. काही महिन्यांनी सूज घेऊन येतात आणि पूर्ण झालेलं काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. कामाचे दिवस जवळ आले असतील तर आधीच सांगा. डॉक्टर जास्त टिकणारं सिमेंट भरू शकतात किंवा तारखा तशा लावू शकतात.

मुलांच्या दुधाच्या दातांना आणि दुर्गम पाड्यांवर कोणतं सिमेंट बरं?

रडणाऱ्या मुलाच्या तोंडात पूर्ण कोरडेपणा मिळत नाही. तिथे ग्लास आयोनोमर समजूतदारपणाचं ठरतं. धडगाव, अक्कलकुवा अशा सातपुड्यातल्या भागांसाठी तर एक पद्धत फार मोलाची आहे. मऊ कीड हातातल्या हत्यारांनी खरवडून काढायची आणि घट्ट ग्लास आयोनोमर बोटानं दाबून भरायचं. ड्रिल नाही, वीज नाही, बहुतेक वेळा इंजेक्शनही नाही. १९८० च्या दशकात टांझानियात ही पद्धत विकसित झाली आणि १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तिचा पुरस्कार केला. एकाच पृष्ठभागावरच्या खड्ड्यात तिचे निकाल चांगले आहेत. दोन दाढांच्या मधल्या खड्ड्यात ती कमी टिकते. आश्रमशाळांच्या तपासणी शिबिरांत नुसती यादी करून परतण्यापेक्षा त्याच दिवशी हे सिमेंट भरलं जावं, असं मला फार वाटतं.

डॉक्टरांना नेमकं काय विचारू?

कड इनॅमलवर आहे की मुळावर? रबर डॅम लावणार का, नाही तर कोरडं कसं ठेवणार? थर देऊन भरणार का? या प्रश्नांनी चांगला डॉक्टर रागावत नाही. आणि वेळेची घाई करू नका. दोन दाढांच्या मधलं फिलिंग नीट करायला अर्धा-पाऊण तास लागतो. बस पकडायची आहे म्हणून दहा मिनिटांत उरकायला सांगितलं, तर जे राहून जाईल ते कडेचंच काम असेल.

भरल्यावर किती वेळ खाऊ नये?

कॉम्पोझिट दिव्याखालीच कडक होतं. बधिरपणा उतरेपर्यंत थांबा, नाहीतर गाल चावला जातो. ग्लास आयोनोमर असेल तर त्या बाजूनं एक दिवस कडक काही नको. कळण्याची भाकरी चालेल, ती दुसऱ्या बाजूनं.

किती वर्षं टिकेल?

दाढांमधल्या कॉम्पोझिट फिलिंगपैकी दरवर्षी शंभरातली साधारण एक ते तीन निकामी होतात, असं अनेक वर्षांच्या नोंदींतून दिसतं. म्हणजे दहा वर्षांनंतरही बहुसंख्य शाबूत असतात. खड्डा जितका मोठा आणि जितक्या बाजूंचा, तितकं आयुष्य कमी. ज्यांना कीड सारखी लागते त्यांच्यात निकामी होण्याचं प्रमाण जास्त. रोज फ्लोराइडची टूथपेस्ट आणि दोन दातांच्या मधे दोरा, या दोन गोष्टी नाजूक कडेला थेट मदत करतात.

तपासायला दर वेळी एक्स-रे लागतो का?

दर वेळी नाही. पण दोन दाढांच्या मधली खालची कड डोळ्यांनी दिसत नाही, तिच्यासाठी चावून धरायचा छोटा एक्स-रे लागतो. कीड वारंवार लागणाऱ्यांनी तो वर्षाला, इतरांनी दोन-तीन वर्षांनी काढलेला पुरतो. आजची बहुतेक कॉम्पोझिटं एक्स-रेत पांढरी दिसतात, त्यामुळे खालची काळी कीड ओळखू येते. अडचण एकच. तळाशी चिकटद्रव्याचं थारोळं राहिलं असेल तर तेही काळी रेघ म्हणून दिसतं आणि कीड असल्याचा भास होतो. दोन्हींतला फरक जुन्या एक्स-रेशी ताडून पाहिल्यावर कळतो. चिकटद्रव्याची रेघ वर्षानुवर्षं तेवढीच राहते, कीड वाढते. म्हणून जुना एक्स-रे घरी असेल तर तपासणीला येताना तो सोबत आणा, मोबाइलमधला फोटो असला तरी चालेल.